सतरा नंबरचा डबा

फोन वाजला तेव्हा नऊला वीस मिनिटं कमी होती, आणि आत्याचं मौन नऊला सुटायचं.

बावीस वर्षांचा नेम होता तिचा. उठल्यापासून नऊपर्यंत एक शब्द नाही. घरच्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्या वेळेत कुणी फोन करत नसे. केलाच, तर कारण तसंच असणार. आत्याने फोन कानाला लावला आणि त्यावर बोटाने एक टिचकी मारली. म्हणजे, ऐकतेय, बोल.

"आत्या, मी चिमी. तू बोलू नकोस, नुसतं ऐक." भाचीला धाप लागली होती. "शेडमध्ये कुणीतरी डबे उघडलेत. चोरी म्हणावी तर… कसं सांगू तुला. डबा हलका नाही झालेला. जड झालाय."

टिचकी.

"सतरा नंबरचा. झाकणावर सहाशे बारा लिहिलंय. आज सहाशे अठ्ठावन्न भरतोय. तीनदा ठेवला काट्यावर. आत्या, चोर काहीतरी घेऊन जातो ना? हा ठेवून गेलाय!"

आत्याने दोन टिचक्या मारल्या. म्हणजे, कशाला हात लावू नकोस, निघालेच.

एकतीस वर्षं आत्या एका कारखान्याच्या सुट्या भागांच्या भांडारावर होती. चार हजार कप्पे, आणि प्रत्येकात काय आहे ते तिच्या बोटांना पाठ. निवृत्त झाली तरी रस्त्यात पडलेला वायसर दिसला की तो कुठल्या मापाचा हे तिच्या मनात आपसूक उमटायचं. डब्यांची पद्धत चिमीला तिनेच शिकवली होती. गाडीचा एकेक भाग सुटा केला की त्याचे नट-बोल्ट त्याच्याच डब्यात. झाकणावर डब्याचा नंबर, आणि खाली डब्यासकट वजन, नुसता आकडा. "ग्रॅम असं लिहायचं नाही," ती म्हणाली होती. "ज्याला कळायला हवं त्याला कळतं. बाकीच्यांना वाटू दे काहीतरी पार्ट नंबर आहे."

गाडी म्हणजे जुनी मोटरसायकल, आत्याच्या भावाची. चिमीच्या बाबांची. पंधरा वर्षांपूर्वी धरणाच्या उतारावर तिच्यावरूनच पडून ते गेले. तेव्हापासून ती शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. मागच्या थंडीत एका रविवारी चिमीने ताडपत्री काढली. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची, हात बारीक कामाला सरावलेले. "बाबांची गाडी मी उघडणार, धुणार आणि पुन्हा चालू करणार," एवढंच तिने आईला सांगितलं. आई चार दिवस तिच्याशी बोलली नाही. मग बोलली, पण शेडकडे फिरकली नाही.

*

गाडीचा सांगाडा विटांवर उभा होता. टाकी जुन्या चादरीत गुंडाळलेली. रॉकेलचा वास. फळीवर चौतीस डबे ओळीने, बिस्किटांचे, दुधाच्या पावडरीचे, औषधांचे.

"आज डबे काढलेस कशाला?" आत्याने विचारलं. नऊ वाजून गेले होते.

"उद्या ब्रेकची जोडणी. मास्तरकाका गॅरेज बंद ठेवून शिकवणार आहेत. म्हणून आज सगळं धुऊन ठेवणार होते. आणि उघडण्याआधी वजन, तूच सांगितलंयस."

"सगळे तोललेस?"

"चौतीसच्या चौतीस. दोनच चुकले. सतरा शेहेचाळीस ग्रॅमने जड. आणि नववा बारा ग्रॅमने हलका. आधी वाटलं, नऊमधलं काही सतरात पडलं असेल."

"बारा गेले आणि शेहेचाळीस आले? असा हिशेब मी भांडारात दिला असता तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं मला." आत्याने काट्याकडे पाहिलं. "हा स्वयंपाकघरातला काटा ना?"

"हो. दोन ग्रॅमच्या आतलं धरत नाही. पण शेहेचाळीस म्हणजे चूक नव्हे."

"नव्हेच. ओत."

चिमीने पांढऱ्या फडक्यावर डबा ओतला. आत पुढच्या ब्रेकचं सामान होतं, जसं निघालं तसं, पंधरा वर्षांच्या चिखलासकट. वीतभर लांबीची एक लोखंडी पट्टी, दोन टोकांना दोन भोकं. एक स्प्रिंग. एक छोटा दांडा. एक नुसता बोल्ट. त्याचा खाचा असलेला नट, वेगळा. त्या खाचांतून आरपार जाणारी बारीक पिन, दोन तुकडे झालेली. आणि दुसरा एक बोल्ट. त्याच्यावर तसाच खाचांचा नट बसलेला, खाचेतून पिन घातलेली, पिनेचे दोन्ही पाय दोन बाजूंना मिशांसारखे वळवलेले.

"यातलं जास्तीचं कुठलं?"

"काय कळतंय! सगळंच गंजलेलं, सगळंच मळकं. पट्टीला भोकं दोन, बोल्ट दोन. बरोबरच दिसतंय की."

"काढताना किती बोल्ट काढलेस?"

"पहिल्या रविवारचं आहे गं ते. चिखल खरवडत होते, पट्टी हातात आली, टाकली डब्यात. फोटो काढायची अक्कल मला विसाव्या डब्याला आली."

आत्याने दुसरा बोल्ट उजेडात धरला. नट फिरवून पाहिला. हलला नाही, पिनेने धरला होता. मग चिमीचं भिंग घेऊन ती बराच वेळ पट्टीवर वाकून राहिली. एका टोकाच्या भोकाभोवती नटाएवढा गोल ठसा होता, तिथे धातू अजून चकाकत होता. दुसऱ्या टोकाला ठसा नव्हता. भोकाच्या कडेपर्यंत सगळीकडे सारखा गंज.

"काय दिसलं?"

"अजून काही नाही," आत्या म्हणाली. ती खोटं बोलत नसे. खरंच, अजून तिला ते दिसायला नको होतं. "उद्या ब्रेकचे डबे उघडणार हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"मागच्या रविवारी चहाला सगळ्यांसमोरच बोलले मी. आई, आमचे हे, मास्तरकाका. काकांना म्हटलं, तुम्ही समोर बसायचं, एकेक तुकडा मी हातात देणार, तुम्ही सांगायचं कुठला कुठे."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, बापाची हुशारी आलीय. आणि डोळे पुसले. काका नेहमीच रडतात, माहितीये ना तुला."

*

वहिनी इस्त्री करत होत्या.

"या आठवड्यात शेडमध्ये कोण गेलं होतं, वहिनी?"

"मला विचारता, वन्सं? मी पंधरा वर्षांत तिथे पाय ठेवलेला नाही. किल्ली त्या खिळ्याला असते. ज्याला हवी तो घेतो."

"कुणाला हवी होती?"

"बुधवारी जावयांना. शिडी न्यायची होती. गुरुवारी मास्तरांना. बॅटरी आणून ठेवली त्यांनी."

"किती वेळ होते?"

"जावई गेले आणि आले. मास्तरांचा चहा गार झाला. मी दुसरा करून ठेवला, तोही निवला. शेवटी आले तर म्हणाले, आज घोटभर पाणीच द्या."

"आणि तुम्ही, वहिनी? तुम्हाला ही गाडी नकोच आहे."

"नकोच आहे. भंगारात जावी असं वाटतं, आणि ते मी लेकीच्या तोंडावर सांगते. चोरून कशाला सांगू?"

आत्याने दुमडलेले कपडे एका बाजूला केले आणि त्यांच्यासमोर बसली. "दादा गेला त्याच्या आदल्या दिवशी गाडी कुठे होती?"

इस्त्री थांबली.

"कुठे असणार? मास्तरांकडे. दुसऱ्या कुणाचा पाना लागू देत होते का हे तिला? पुढच्या ब्रेकचे झिजलेले शू बदलून घेतले आणि संध्याकाळी घेऊन आले. म्हणाले, आता मांजरासारखी थांबेल बघ." वहिनींनी पुन्हा इस्त्री फिरवायला घेतली, एकाच जागेवर. "सकाळी सहाला निघताना मला शब्द दिला, चाळीसच्या वर जाणार नाही. मग मास्तरांनी अपघाताची जागा पाहिली. रस्त्यावर टायर घासल्याच्या खुणा पाहिल्या. ब्रेक ठीक होता, वहिनी, सत्तरच्या खाली नव्हता तो, म्हणाले. पोलिसांनी तेच लिहून घेतलं."

सदऱ्याला करपल्याचा वास येऊ लागला तेव्हा आत्यानेच इस्त्री उचलून बाजूला ठेवली.

"माणूस गेल्याचं दुःख करता येतं, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "खोटा शब्द देऊन गेलेल्या माणसाचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही."

*

जावई दुपारी आला, तो हसतच.

"मी आरोपी आहे असं ऐकलं! वकील म्हणून सासूबाईंना घेतलं तर चालेल?"

"वकील नंतर," आत्या म्हणाली. "नवव्या डब्यातून काय घेतलंत, जावईबापू?"

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं. त्याने चिमीकडे पाहिलं, मग छताकडे.

"एक नट. पडद्याच्या दांडीला लागत होता. उद्या परत आणून टाकणारच होतो. पण तुम्हाला कळलं कसं?"

"बारा ग्रॅम."

"धन्य आहे! या घरात माणसाने सुस्कारा टाकला तरी वजनातून वजा करतील."

"नट चोरलास?" चिमी उसळली. "बाबांच्या गाडीचा? दुकानात जायला पाय दुखत होते का तुझे?"

"अगं, आधी मास्तरांकडेच गेलो होतो. पण त्या माणसाकडे सुटा नट मिळेल तर शपथ! पेटी उघडली, तर प्रत्येक बोल्टावर नट बसवलेला आणि प्रत्येक नटात पिन. म्हटलं, एकाची पिन काढून नट तेवढा द्या. तर असं तोंड केलं, जणू दाढ काढायला सांगतोय. किटलीच्या झाकणालाही पिन मारत असतील ते."

"पूर्वी नव्हते हो असे," वहिनी आतून म्हणाल्या. "पूर्वी त्यांच्या गॅरेजात पाऊल टाकलं की बोल्टावरून घसरायला व्हायचं. हे ओरडायचे त्यांच्यावर. वय झालं की माणसाला काय काय लागतं."

आत्याने हातातला चहाचा कप खाली ठेवला. तिने अजून एक घोटही घेतला नव्हता.

"सतराव्या डब्याला हात लावलात?"

"नाही, आत्या. देवाशपथ. तो वरच्या फळीवर होता. मी जवळचा उघडला आणि पळालो."

"ठीक आहे," आत्या म्हणाली. या मुलाने नटाचं कबूल केलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. आता तसे नव्हते.

*

गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. मास्तर एका स्कूटरपाशी पाटावर बसले होते. आत्याला पाहताच त्यांनी हात पुसले आणि स्वतःचा पाट तिला दिला. सदुसष्ट वर्षांचा माणूस. दादाच्या वर्गातला. दादा गेल्यावर चिमीला सायकल यांनी शिकवली, तिच्या शाळेत पालक म्हणून हे गेले, तिच्या लग्नात बापाच्या जागी हेच उभे राहिले. आत्याला एकच भाऊ होता. तो गेल्यावर, आपल्याला अजून एक आहे, असं ती म्हणत आली होती.

"ताई, आज इकडे कशा?"

"फाटकाचा बोल्ट पडलाय. एवढ्या मापाचा एखादा असेल तर बघा."

त्यांनी पेटी ओढली, बोटाने चाळली, एक उचलून तिच्या तळहातावर ठेवला. जुना, गंजलेला, नट बसवलेला, पिन घातलेली. पिनेचे पाय दोन बाजूंना वळवलेले.

आत्याने तो हातावर तोलला. या हातांनी एकतीस वर्षं वजनं केली होती. पंचेचाळीस. फार तर सत्तेचाळीस.

"सगळे असेच ठेवता?"

"नेम आहे माझा," मास्तर हसले. "तुमचं मौन, तशी माझी पिन."

"कधीपासून?"

"झाली की आता बरीच वर्षं."

"गुरुवारी शेडमध्ये गेला होतात?"

"बॅटरी ठेवायला."

"डबे पाहिलेत?"

"छे हो! डब्यांना हात लावला तर पोरगी मलाच सुटा करून डब्यात भरेल." ते पुन्हा हसले. मग विचारलं, "का? काही हरवलं का?"

"नाही, मास्तर. काहीच हरवलेलं नाही," आत्या म्हणाली. घरी जाताना वाटेत ती दोनदा थांबली. पाय दुखत होते, असं तिने स्वतःला सांगितलं.

*

रविवारी मास्तर पावणेनऊला आले. नेहमीपेक्षा पंधरा मिनिटं लवकर.

शेडमध्ये टेबलावर पांढरं फडकं अंथरलं होतं. एका बाजूला चिमी, तिच्या मागे जावई. दाराच्या बाहेर, उंबऱ्याच्या अलीकडे न येता, वहिनी उभ्या होत्या. आत्याने त्यांना चिठ्ठी लिहून बोलावलं होतं. आत्या स्वतः टेबलाच्या पलीकडे बसली होती. नऊला अजून पंधरा मिनिटं होती.

"हे काय, आज सगळी सभा भरलीय?" मास्तर म्हणाले.

आत्याने त्यांना समोरच्या स्टुलाकडे हात केला. मग फडक्यावर एकेक वस्तू ठेवली. पट्टी. नुसता बोल्ट. त्याचा नट. तुटलेली पिन. आणि शेवटी तो दुसरा बोल्ट, मिशा वळवलेला.

मास्तरांनी तिकडे पाहिलं. "हां, ब्रेकचं सामान. घेऊ या का कामाला, चिमे?"

चिमीने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान हलवली. थांब.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. मास्तरांनी चष्मा पुसला. हवेबद्दल एक वाक्य बोलले, ते तसंच लोंबकळत राहिलं. आत्या त्यांच्याकडे पाहत होती, रागाने नव्हे. दोनदा त्यांचा हात बोल्टाकडे गेला आणि मागे आला. नऊला पाच कमी असताना ते बोलायचे थांबले.

नऊ वाजले.

"मास्तर," आत्या हळू आवाजात म्हणाली, "हा बोल्ट पट्टीतून निघाला कसा?"

"म्हणजे?"

"तुम्हीच पोरीला शिकवलंत. नट फिरू नये म्हणून पिन असते. पिन काढल्याशिवाय नट सुटत नाही, नट सुटल्याशिवाय बोल्ट निघत नाही. हा पहिला बघा. पिन तुटली, नट सुटला, बोल्ट निघाला. तीन वस्तू वेगवेगळ्या. आणि हा दुसरा. नट जागेवर, पिन जागेवर, मिशासुद्धा जागेवर. मग पट्टी कुठून बाहेर आली? की बोल्ट पट्टीत कधी नव्हताच?"

आत्याने सतराव्या डब्याचं झाकण पुढे सरकवलं.

"चिमीच्या डब्यांवर दुसरा आकडा आहे तो पार्ट नंबर नाही, वजन आहे. ते तुम्हाला माहीत नव्हतं. सतरावा डबा शेहेचाळीस ग्रॅमने वाढला. काल तुम्ही मला फाटकासाठी दिलेला बोल्ट मी घरी जाऊन तोलला. शेहेचाळीस." आत्याने तोही फडक्यावर ठेवला. दोघे जुळे भाऊ दिसत होते. "बारा ग्रॅमचा नट जावयांनी नेला, पडद्याला. ती वेगळी गंमत. डब्यात भर घालणारा माणूस वेगळा. पुढचं मला सांगावं लागू नये असं वाटत होतं."

"ताई—"

"ही पट्टी बघ, चिमे. या टोकाला नटाचा ठसा आहे, पंधरा वर्षं तिथे नट आवळलेला होता. या टोकाला ठसा नाही, भोकापर्यंत गंज. दादाची गाडी इथे आणून ठेवली त्या दिवशी या भोकात काहीच नव्हतं. मग गुरुवारी कुणीतरी ती रिकामी जागा भरली. कशासाठी? बोल्ट नाहीये हे कुणाला कळू नये म्हणून."

"पण एका बोल्टाने काय होतं?" जावयाने विचारलं. आता तो हसत नव्हता.

आत्याने एक रिकामा डबा उचलला, त्याचं झाकण अर्धवट लावलं. "हे चाक. झाकण म्हणजे ब्रेक. ब्रेक दाबला की तो चाकाला आवळतो, आणि चाक त्यालाही आपल्याबरोबर ओढू पाहतं. ही पट्टी ब्रेकला गाडीशी बांधून ठेवते. पट्टीचं एक टोक सुटलं, तर?" तिने डबा फिरवला. झाकण त्याच्याबरोबर गर्रकन फिरलं. "सगळं एकमेकांत अडकतं. पुढचं चाक जागच्या जागी थांबतं. उतारावर. त्याला सत्तरचा वेग लागत नाही, वहिनी. तीसही पुरतो."

दारातून एक आवाज आला, श्वासासारखा.

"आदल्या संध्याकाळी शू बदलले. शू बदलायचे तर ही पट्टी काढावी लागते आणि पुन्हा लावावी लागते. ती लावणारा एकच माणूस होता. दुसऱ्या दिवशी जागा बघायला गेलेलाही तोच. ब्रेक ठीक होता असं सांगणाराही तोच." आत्याने हातातला रिकामा डबा बाजूला ठेवला. "बोल्ट हरवला असेल म्हणून तुम्ही झटकू शकला असता, मास्तर. पण चिमीच्या डब्यातून काही हरवत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. ती विचारत राहिली असती. म्हणून पेटीतला एक आणून टाकलात. एवढंच केलं असतंत, पिन काढून, नट सोडवून टाकला असतात, तर तो कुणी टाकला ते मलाही कळलं नसतं. पण पंधरा वर्षं एकही नट पिनेशिवाय ठेवला नाहीत. हाताला ते जमलंच नाही."

मास्तरांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, उघडली आणि तिच्या कापडाखालून एक बारीक पिन काढून फडक्यावर ठेवली. पाय सरळ होते. कधीच न वापरलेली.

"हातात होती माझ्या," ते म्हणाले. "नट बोटांनी फिरवला होता, पाना मारायचा होता. तेवढ्यात तो आला. चल रे, झालं का, वहिनी वाट बघतेय. दोघं हसत काहीतरी बोललो. काय ते आता आठवतही नाही. तो गाडी घेऊन गेला. रात्री शर्ट काढताना खिशात ही सापडली."

"रात्री?" चिमी म्हणाली.

"हो."

"म्हणजे तुम्हाला रात्रीच कळलं होतं. आणि बाबा सकाळी सहाला निघाले."

"वाटलं, सकाळी गॅरेजवरून जाईल तेव्हा लावू. कशाला आता उठवायचं. म्हटलं, एका रात्रीत काय होतंय…"

"आमच्याकडे फोन होता, काका."

मास्तरांनी मान खाली घातली. "मग धीर झाला नाही. एकदा सत्तर म्हणून गेलो. ते मागे घ्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हटलं, तुमचं करत राहू. जमेल तेवढं करत राहू."

"सायकल," चिमी म्हणाली. ती आता रडत होती, पण आवाज सरळ होता. "माझी शाळा. माझं लग्न. मी तुम्हाला त्यांच्या जागी उभं केलं. आणि पहिल्याच रविवारी इथे या स्टुलावर बसून मला काय सांगितलंत? पिन घालेपर्यंत काम झालं म्हणायचं नाही. माझ्या तोंडाकडे बघत सांगितलंत."

"माझं राहू दे," दारातून वहिनी म्हणाल्या. "मला एकच सांगा. वेग किती होता?"

मास्तर उठून उभे राहिले. त्यांना त्या दिशेला पाहता येत नव्हतं.

"खुणा अगदी आखूड होत्या, वहिनी. चाळीसच्या आतच असेल. बहुतेक पस्तीस."

वहिनींनी पायातल्या चपला काढल्या. मग पंधरा वर्षांनी त्यांनी उंबरा ओलांडला. सांगाड्याला वळसा घालून त्या चादरीत गुंडाळलेल्या टाकीपाशी गेल्या, चादरीवरूनच तिच्यावर हात ठेवला आणि लहान मुलाला थोपटावं तशी दोनदा थोपटली.

"शब्द पाळला होता की हो तुम्ही," त्या म्हणाल्या. टाकीला. "आणि मी मेली तुम्हाला…"

आत्याने तोंड फिरवलं.

थोड्या वेळाने वहिनी मास्तरांकडे वळल्या. "उद्या पोलिसांकडे जाऊन लिहून द्या. सत्तर खोडा. बाकी तुमचं तुम्ही बघा." मास्तरांनी मान हलवली आणि फडक्यावरच्या पिनेकडे हात नेला. "ती राहू दे," वहिनी म्हणाल्या. "ती आमची आहे."

ते गेले. फाटक लागल्याचा आवाज आला. चहा कुणी विचारला नव्हता.

चिमी फडक्यासमोर उभी होती. मग सवयीने, करायला दुसरं काही न सुचून, तिने पिन उचलली आणि काट्यावर ठेवली. आकडा शून्यावर होता, तो शून्यावरच राहिला.

"नीट ठेव," वहिनी तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या.

तिने उचलून पुन्हा ठेवली, मधोमध.

शून्य.